फ्लॅनन बेटांवरचा तो शनिवार

२६ डिसेंबर १९०० रोजी दुपारी बाराच्या सुमारास ‘हेस्परस’ ही बोट फ्लॅनन बेटांपाशी येऊन थांबली. ती यायची होती २० तारखेला, पण समुद्र असा खवळलेला होता की सहा दिवस तिला तिकडे फिरकताच आले नाही. दीपगृहावर शिधा, टपाल आणि बदलीचा माणूस पोहोचवणे हे या बोटीचे काम. बोट येताना दिसली की बेटावर निशाण चढायचे, रिकामी खोकी धक्क्यावर येऊन पडायची आणि कोणी तरी दोर झेलायला खाली उतरायचे. त्या दिवशी यातले काहीच झाले नाही. कप्तान जेम्स हार्वी यांनी भोंगा वाजवला, मग दारूचा बाण आकाशात सोडला. बेटावरून उत्तर आले नाही. अखेर छोटी होडी पाण्यात सोडून बदलीवर आलेला रखवालदार जोसेफ मूर याला धक्क्यावर उतरवले आणि तो एकटाच पायऱ्या चढून दीपगृहाकडे गेला.

मूरने दोन दिवसांनी, २८ डिसेंबरला, वरिष्ठांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. घाबरलेल्या माणसाचे पत्र आहे, पण त्याची नजर शाबूत आहे. आवाराचे फाटक बंद होते. इमारतीचे बाहेरचे दार बंद, त्याच्या आतले दारही बंद. स्वयंपाकघराचे दार मात्र उघडे होते. चूल कित्येक दिवस पेटलेली दिसत नव्हती. तो खोल्यांत डोकावला, तर माणसे सकाळी उठून कामाला लागल्यावर दिसतात तसे बिछाने रिकामे होते. यापुढे शोधत न बसता तो धावत धक्क्यावर आला. मग दुय्यम तांडेल मॅककॉर्मॅक आणि एका खलाशाला घेऊन तो पुन्हा वर गेला. तिघांनी सगळी इमारत पाहिली, दिव्याची खोली पाहिली, बेटही पाहिले. माणूस एकही सापडला नाही.

बेटावर तीन जण असायला हवे होते. मुख्य रखवालदार जेम्स ड्युकॅट, वय ४३, वीस वर्षांहून अधिक नोकरी झालेले. त्यांचे सहायक थॉमस मार्शल, वय २८. आणि डोनाल्ड मॅकआर्थर, वय ४०. हे कायमचे नोकर नव्हते. पहिले सहायक विल्यम रॉस आजारी रजेवर होते, त्यांच्या जागी हंगामी म्हणून आलेले हे लुईस बेटावरचे गृहस्थ.

स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस हे मोठे बेट, आणि त्याच्याही पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात ही फ्लॅनन बेटांची रांग. दर्यावर्दी त्यांना ‘सात शिकारी’ म्हणत. सगळ्यांत मोठे बेट एलन मोर, तेही कसेबसे चाळीसेक एकरांचे. चारी बाजूंनी कडे, वर गवत, सर्वांत उंच जागा समुद्रापासून ८८ मीटरवर. फ्लॅनन नावाच्या आयरिश संताच्या नावाने ओळखले जाणारे एक पडके दगडी देऊळ तिथे आहे. लुईसचे लोक तिथे मेंढ्या चरायला सोडत आणि समुद्रपक्षी धरायला जात, पण वस्तीला कोणी राहत नसे. मार्टिन मार्टिन या लेखकाने १७०३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात या पक्षी धरणाऱ्यांचे रिवाज लिहून ठेवले आहेत. वर पोहोचताच टोपी काढायची, सूर्याच्या दिशेने एक फेरी घ्यायची, सुखरूप आणल्याबद्दल देवाचे आभार मानायचे, आणि तिथे असेपर्यंत बेटांचे नाव तोंडातून काढायचे नाही. त्या जागेचा धाक दीपगृहाच्या कितीतरी आधीचा होता.

दीपगृह बांधायला १८९५ ते १८९९ अशी चार वर्षे गेली. आराखडा डेव्हिड ॲलन स्टीव्हन्सन यांचा. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे हे चुलतभाऊ. या घराण्याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या दीपगृहे उभारली. मनोरा २३ मीटरचाच, पण त्याचा एकेक दगड बोटीतून आणून कड्यावर चढवावा लागला. बेटाला पूर्वेकडे एक आणि पश्चिमेकडे एक असे दोन धक्के केले, कारण ज्या दिशेला समुद्र उसळत असेल तिच्या उलट बाजूला उतरता यावे. धक्क्यांवर क्रेन बसवल्या, सामान वर ओढायला लोखंडी रूळ टाकले. ७ डिसेंबर १८९९ रोजी दिवा पहिल्यांदा पेटला. म्हणजे आपली हकिगत घडली तेव्हा दीपगृहाला जेमतेम एक वर्ष झाले होते.

मूर आणि तीन स्वयंसेवकांना बेटावर ठेवून हार्वी परत फिरले आणि लुईसला पोहोचताच त्यांनी एडिंबरोच्या दीपगृह मंडळाला तार केली. तीन माणसे नाहीशी झाली आहेत, घड्याळे बंद पडलेली आहेत, अपघात आठवडाभरापूर्वीचा असावा, बिचारे कड्यावरून उडाले असतील किंवा क्रेन बांधायला जाऊन बुडाले असतील, असा तिचा आशय. बंद घड्याळांवरून पुढे बरेच गूढ रचले गेले. वास्तविक चावीचे घड्याळ चावी देणारे कोणी नसले की बंदच पडते, आणि हार्वींनीही त्यातून एवढाच अर्थ काढला होता.

२९ डिसेंबरला दीपगृह मंडळाचे अधीक्षक रॉबर्ट मुइरहेड बेटावर पोहोचले. या प्रकरणाचा खरा गुप्तहेर तेच. त्यांच्याकडे ना भिंग होते ना पोलिसांचा फौजफाटा. पण ते या तिघांना ओळखत होते. ड्युकॅट आणि मार्शल यांची या कठीण जागेसाठी निवड त्यांच्याच शिफारशीवरून झालेली. १८९९ च्या उन्हाळ्यात हिवाळ्यापूर्वी दिवा लागावा म्हणून सगळे राबत होते, तेव्हा महिन्याहून अधिक काळ ते रखवालदारांच्या बरोबर राहिले होते. आणि अगदी अलीकडे, १९०० च्या ७ डिसेंबरला, ते बेटावर येऊन गेले होते. आपण या तिघांशी हस्तांदोलन करून निरोप घेणारा शेवटचा माणूस ठरलो, असे त्यांनी सरकारी अहवालात लिहिले आहे. ८ जानेवारी १९०१ चा हा अहवाल कोरड्या भाषेतला आहे, आणि म्हणूनच त्यातले हे वाक्य वाचताना थांबायला होते.

मुइरहेड यांनी आधी वेळ पक्की केली. दीपगृहाची नोंदवही १३ डिसेंबरपर्यंत लिहिलेली होती. १४ आणि १५ तारखेचा तपशील वहीत उतरवायचा राहिला होता, पण तो पाटीवर खडूने लिहिलेला होता, ड्युकॅट यांच्या हातचा. पाटीवर आधी टिपायचे आणि नंतर वहीत नीट उतरवायचे, हा तिथला शिरस्ता. शेवटची नोंद १५ डिसेंबर, सकाळी नऊ: हवेचा दाब, तापमान, वारा. वार शनिवार. म्हणजे सकाळी नऊला ड्युकॅट जिवंत होते, जागेवर होते आणि रोजचे काम रोजच्या शिस्तीत चालू होते.

त्यापुढची खूण दिव्याच्या खोलीत होती. रात्रभर जळलेल्या दिव्याची वात सकाळी नीट करायची, तेल भरायचे, भिंगे आणि यंत्र पुसून लख्ख करायचे, हे रखवालदाराचे सकाळचे काम. ते सगळे झालेले होते. दिवा संध्याकाळी पेटवायला तयार होता. तिसरी खूण स्वयंपाकघरात. भांडी घासूनपुसून ठेवलेली होती. मूरने आपल्या पत्रात त्यावरून अगदी घरगुती अनुमान काढले: दुपारचे जेवण उरकल्यावर केव्हा तरी हे लोक बाहेर पडले असावेत. मला या सबंध प्रकरणात ही घासलेली भांडी सर्वांत मोलाची वाटतात. पुढे कवींनी आणि मासिकांनी त्याच टेबलावर अर्धवट टाकलेले जेवण मांडले. ज्याने ते स्वयंपाकघर डोळ्यांनी पाहिले त्याने स्वच्छ भांडी नोंदवली आहेत.

वेळेची दुसरी बाजू समुद्रावरून मिळाली. ‘आर्क्टर’ नावाची आगबोट फिलाडेल्फियाहून लीथ बंदराकडे चालली होती. १५ डिसेंबरच्या रात्री ती फ्लॅनन बेटांजवळून गेली, तेव्हा दिवा दिसला नाही. १८ तारखेला ती लीथला लागली, पण ही बातमी दीपगृह मंडळापर्यंत वेळेवर पोहोचलीच नाही. डिसेंबरच्या मध्यावर त्या अक्षांशावर सूर्य दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो आणि दिवा त्याच बेताला पेटवायचा असे. दुपारचे जेवण, भांडी, आणि मग न पेटलेला दिवा. १५ डिसेंबरच्या दुपारचे दोन-तीन तास, एवढ्यात जे व्हायचे ते झाले. अकरा ते चौदा दिवसांनी पोहोचलेल्या माणसांनी घटनेची वेळ इतकी अचूक काढावी, तीही एका पाटीच्या, पुसलेल्या भिंगांच्या आणि धुतलेल्या ताटल्यांच्या आधारे, हे तपासकाम उत्तमच म्हणायला हवे.

मग प्रश्न आला कुठे गेले याचा. ड्युकॅट यांचे गुडघाभर बूट आणि पावसाळी कोट जागेवर नव्हता. मार्शल यांचे बूट आणि मेणकापडाचा पोशाखही नव्हता. मूरने सांगितले की हा पोशाख ते धक्क्यावर उतरायचे असेल तेव्हाच चढवत. मॅकआर्थर यांचा कोट मात्र खुंटीवर तसाच होता. डिसेंबरच्या वाऱ्यात हा माणूस नुसत्या सदऱ्यावर बाहेर पडला होता.

पूर्वेकडच्या धक्क्यावर सगळे जागच्या जागी होते. पश्चिमेकडचे दृश्य निराळे. तिथे समुद्रापासून सुमारे २० मीटर उंचीवर क्रेन होती. ती शाबूत होती, तिचा दांडा खाली करून नीट बांधलेला, पिंपावरचे कॅनव्हासही फाटलेले नव्हते. पण तिच्याही वर, समुद्रापासून ३३ मीटर उंचीवर, कड्याच्या एका खाचेत लाकडी पेटी ठेवलेली असे. बोट बांधायचे दोर आणि कप्प्या तिच्यात असत. ती पेटी फुटून गेली होती आणि दोर खाली क्रेनच्या आसपास खडकांवर विखुरले होते. लोखंडी कठडे वाकलेले, रुळांचे लोखंड काँक्रीटमधून उखडलेले. टनाहून जड असा एक दगड जागचा हललेला. कठड्याला बांधलेले जीवरक्षक कडे गेलेले, पण ते बांधायची दोरी तिथेच. आणि कड्याच्या माथ्यावर, समुद्रापासून ६० मीटरहून उंच, काठापासून आत कित्येक फुटांपर्यंत हिरवळ ओरबाडून निघालेली.

हार्वींच्या तारेत दोन शक्यता होत्या, वारा आणि पाणी. मुइरहेड यांनी वाऱ्याची शक्यता कशी बाजूला सारली ते पाहण्यासारखे आहे. वारा पश्चिमेचा होता. पश्चिमेच्या कड्यावर उभ्या माणसांना त्याने ढकलले असते तर समुद्राकडे नव्हे, बेटाच्या आतल्या बाजूला, चढावर ढकलले असते, आणि माथा येण्याआधी अनुभवी माणसे जमिनीला चिकटून आडवी पडली असती. म्हणजे राहिले पाणी. त्यांचा निष्कर्ष असा की १५ डिसेंबरच्या दुपारी माणसे ती दोरांची पेटी बांधायला पश्चिमेच्या धक्क्याकडे उतरली, एक प्रचंड लाट कड्यावरून त्यांच्याही वर चढली आणि परत येताना त्यांना घेऊन गेली.

३३ मीटर म्हणजे दहा मजली इमारतीची उंची. इतक्या उंच लाट येते कशी, हा प्रश्न पुष्कळांना पडतो आणि तिथेच त्यांचा मुइरहेडवरचा विश्वास डळमळतो. पण खुल्या समुद्रात ३३ मीटरची लाट असावी लागत नाही. अटलांटिकमध्ये शेकडो किलोमीटर दूर वादळ झाले की त्यातून लांब पल्ल्याच्या लाटा निघतात. त्या दिवसेंदिवस प्रवास करतात आणि जिथे वारा पडलेला आहे अशा ठिकाणीही येऊन आदळतात. स्थानिक हवा निवळली म्हणजे समुद्र निवळला असे नसते. शिवाय किनारा उथळ असेल तर लाट दूरवरच फुटून तिचा जोर सरतो. एलन मोरसारख्या बेटाचे कडे खोल पाण्यातून सरळ वर येतात, त्यामुळे लाट आपला सगळा जोर घेऊन कड्यापर्यंत पोहोचते आणि मग तिला वर जाण्याखेरीज वाट उरत नाही. पश्चिमेच्या धक्क्याजवळ तर एक अरुंद घळ आहे, आणि घळीच्या टोकाशी गुहा. नरसाळ्याच्या रुंद तोंडातून आलेले पाणी चिंचोळ्या नळीत कोंडावे तशी लाट त्या घळीत कोंडते आणि उसळून वर फेकली जाते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि समुद्रकिनारी काम करणाऱ्यांचे जीव तिनेच अधिक घेतले असतील. लांब पल्ल्याच्या लाटा एकसारख्या येत नाहीत, गटागटाने येतात. पाच-दहा मिनिटे बऱ्यापैकी शांत जातात, कड्यावर उभा माणूस पाहून ठरवतो की आता उतरायला हरकत नाही, आणि मग लागोपाठ दोन-तीन मोठ्या लाटा येतात.

लाटेच्या जोराचा अंदाज स्टीव्हन्सन घराण्याला होता. रॉबर्ट लुई यांचे वडील थॉमस स्टीव्हन्सन यांनी लाटेचा मारा मोजायचे एक यंत्र तयार केले होते. १८४५ मध्ये स्कॉटलंडच्याच पश्चिम किनाऱ्यावरील स्केरीव्होर येथे त्यांनी दर चौरस फुटाला ६०८३ पौंड असा आकडा नोंदवला. म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास ३० टन. लोखंडी कठडा वाकायला आणि टनभर दगड हलायला यात काही अचंबा नाही. आणि खुल्या समुद्रातल्या अवाढव्य एकट्या लाटांच्या खलाशांनी सांगितलेल्या गोष्टी शास्त्रज्ञ बराच काळ अतिशयोक्ती समजत असत. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘ड्राउप्नर’ या सागरी मंचावरच्या उपकरणाने २५.६ मीटरची लाट मोजली, तेव्हा तो वाद मिटला.

मुइरहेड यांच्या तर्कात एक कच्चा दुवा आहे, तो सांगायला हवा. पश्चिमेच्या धक्क्यावरची नासधूस त्यांनी पाहिली २९ डिसेंबरला. १५ ते २६ या काळातही समुद्र वाईट होता. ‘हेस्परस’ अडकून पडली ती त्यामुळेच. तेव्हा वाकलेल्या कठड्यांपैकी कोणता १५ च्या आधी वाकला, कोणता त्या दुपारी आणि कोणता नंतर, हे त्या खुणांवरून कोणालाच सांगता येणार नाही. पण त्यामुळे निष्कर्ष ढासळत नाही. त्या जागी पाणी ३३ आणि ६० मीटरपर्यंत चढू शकते, एवढे तर ती नासधूस सिद्ध करतेच. आणि बूट, कोट आणि वेळ यांचा पुरावा तिच्यावर अवलंबून नाही.

इतकी स्वच्छ मांडणी हाताशी असताना हे प्रकरण गूढ कसे झाले? याला जबाबदार आहेत पुढच्या तीस वर्षांत त्यात घातलेल्या भरी. १९१२ साली इंग्रज कवी विल्फ्रिड विल्सन गिब्सन यांची ‘फ्लॅनन आइल’ ही कविता आली. तिच्यात मांडून ठेवलेले, न खाल्लेले जेवण आहे, उलटी पडलेली खुर्ची आहे, खडकावरचे अनोळखी काळे पक्षी आहेत. कवीला तो अधिकार आहे, आणि कविता ताकदीची आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांनी ती खुर्ची आणि ते ताट पुराव्यात जमा केले. मूरच्या पत्रात आणि मुइरहेडच्या अहवालात दोन्ही नाहीत.

त्याहून मोठा घात १९२९ मध्ये एका अमेरिकी मासिकाने केला. ‘ट्रू स्ट्रेंज स्टोरीज’ या मासिकात अर्नेस्ट फॅलन या लेखकाने दीपगृहाच्या नोंदवहीतले म्हणून काही मजकूर छापला. १२ ते १५ डिसेंबरच्या या नोंदी मार्शलच्या नावावर आहेत. कधी न पाहिलेले वादळ चालू आहे, ड्युकॅट चिडचिडे आणि मग गप्प झाले आहेत, मॅकआर्थर रडत आहेत, तिघे मिळून प्रार्थना करत आहेत, आणि शेवटी समुद्र शांत झाल्याची आणि देवाची नोंद. हा मजकूर पुढे पुस्तकामागून पुस्तकात गेला. व्हिन्सेंट गॅडिस यांच्या १९६५ च्या पुस्तकाने तो जगभर नेला. आजही इंटरनेटवर या प्रकरणाचा कोणताही चित्रपटी वृत्तान्त उघडा, या ओळी भेटतात.

त्या खोट्या आहेत हे ओळखायला पाटीच पुरेशी आहे. खरी नोंदवही १३ तारखेला संपते; पुढचे पाटीवर आहे, आणि तेही ड्युकॅट यांनी लिहिलेले. दुसरे असे की मुख्य रखवालदाराच्या देखरेखीखालच्या आणि मंडळाकडे जाणाऱ्या सरकारी वहीत दुय्यम सहायक आपल्याच साहेबाच्या स्वभावाबद्दल आणि सहकाऱ्याच्या रडण्याबद्दल लिहील, हे संभवत नाही. त्या वहीत वारा, दाब आणि तेल यांच्या नोंदी होत. लेखक-इतिहासकार माइक डॅश यांनी कागदपत्रे तपासून हा मजकूर बनावट असल्याचे दाखवून दिले त्यालाही आता बराच काळ लोटला.

मग त्या पायावर आणखी मजले चढले. मॅकआर्थरने वेड लागून दोघांना मारले आणि स्वतः उडी घेतली, परदेशी हेरांनी पळवले, समुद्रसर्प, भुते. १९८० मध्ये पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांचा ‘द लाइटहाउस’ हा ऑपेरा रंगमंचावर आला, २०१८ मध्ये ‘द व्हॅनिशिंग’ हा चित्रपट, ज्यात सोने सापडते आणि खून पडतात. कलाकृती म्हणून त्यांचे मोल वेगळे. पण ही तिघे कल्पित माणसे नव्हेत. ड्युकॅट यांच्या मागे पत्नी आणि चार मुले होती, मॅकआर्थर यांच्या मागे पत्नी आणि दोन मुले. आपला बाप वेडा किंवा खुनी होता अशा गोष्टी त्या मुलांच्या हयातीत छापल्या जाऊ लागल्या. घरात मारामारीची एक खूण नव्हती, दिवा पुसून ठेवलेला होता. एवढे असूनही सोपा आरोप परगावच्या लेखकांनी निवांत बसून केला, याचा मला राग येतो.

चौकशीत एक बाब पुरेशी तपासली गेली नाही असे वाटते, ती म्हणजे किनाऱ्यावरची व्यवस्था. तेव्हा बेटावर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. लुईसच्या उईग भागातले शिकाररक्षक रॉडरिक मॅकेन्झी यांना रोज बेटाकडे पाहायचे आणि रात्री दिवा दिसतो की नाही टिपायचे काम दिलेले होते. त्यांच्या नोंदीप्रमाणे ७ डिसेंबरला दिवा दिसला, पुढचे चार दिवस दिसला नाही, १२ ला दिसला आणि मग २६ पर्यंत दिसलाच नाही. त्या धुक्याच्या किनाऱ्यावर चार-पाच दिवस दिवा न दिसणे नेहमीचे होते, म्हणून कोणी घाबरले नाही. जी व्यवस्था अपघात आणि धुके यांत फरकच करू शकत नव्हती, तिच्या भरवशावर तीन माणसे ठेवलेली होती. १५ तारखेलाच कोणाला कळले असते तरी बुडालेले वाचले नसते, हे खरे. पण अकरा रात्री अटलांटिकमधल्या जहाजांना तो दिवा नव्हता, आणि दिवा त्यांच्यासाठीच होता.

माणसे त्या हवेत खाली उतरली कशाला, याचेही उत्तर बहुधा व्यवस्थेतच आहे. या प्रकरणाचे संशोधक जेम्स लव्ह यांच्या मते, पूर्वी एका वादळात सामान वाहून गेले म्हणून मार्शल यांना पाच शिलिंग दंड झाला होता. खरे असेल तर १५ डिसेंबरला त्यांना ती पेटी का बांधायची होती हे वेगळे सांगायला नको. हवा जरा निवळलेली, पुढचे वादळ केव्हाही येईल, दोर गेले तर पुन्हा दंड.

राहता राहिला मॅकआर्थर यांचा कोट आणि ती दारे. नियम असा होता की दीपगृहात एक माणूस कायम हवा. बूट आणि कोट चढवून दोघे गेले, हंगामी माणूस घरी राहिला, हे नियमाला धरून आहे. मग तो कोट न घालता का निघाला? १९५३ ते १९५७ या काळात त्याच बेटावर नोकरी केलेले रखवालदार वॉल्टर आल्डेबर्ट यांनी पश्चिमेच्या धक्क्यावर उसळणाऱ्या लाटा स्वतः उभे राहून पाहिल्या, त्यांची छायाचित्रे काढली. त्यांचे मत असे की एक जण आधी वाहून गेला, दुसरा मदतीसाठी धावत वर आला आणि तिसऱ्याला घेऊन परतला, आणि पुढच्या लाटेने त्या दोघांनाही नेले.

यावर आक्षेप घेतला जातो की इतक्या घाईत धावणारी माणसे दारे आणि फाटक बंद करत नाहीत. आक्षेप ठीक आहे, पण मूरचे पत्र पुन्हा वाचावे. सगळी दारे बंद नव्हती. स्वयंपाकघराचे उघडे होते. बाहेरची दारे आणि फाटक वाऱ्याच्या तोंडावरची. त्या बेटावर ती उघडी टाकली तर वारा घरात घुसेल आणि मेंढ्या आवारात येतील. ती ओढून घेणे हाताच्या सवयीचे, घाईतही होऊन जाणारे. स्वयंपाकघराचे दार कोणी ओढत बसत नाही. जेवण उरकलेले, भांडी घासलेली, मॅकआर्थर चुलीपाशी सदऱ्यावर बसलेले किंवा काही करत असलेले, आणि बाहेरून हाक आलेली, किंवा त्यांनी स्वतःच काही पाहिलेले. उघडे दार आणि खुंटीवरचा कोट या दोन्ही खुणा एकाच वाटेने चुलीपासून पश्चिमेच्या धक्क्याकडे जातात. ज्या माणसाला नंतरच्या लेखकांनी खुनी ठरवले, तो नियम मोडून, कोटाला हातही न लावता, सोबत्यांना वाचवायला धावला होता, असेच हा पुरावा सांगतो.